नानांच्या सरकारची शिंगरं

आमच्या ऑफिसात नाना मोहित्यांना चार वर्षांत अकरा वेळा अपत्यप्राप्तीबद्दल काँग्रॅच्युलेशन्स मिळाली. प्रकार असा व्हायचा. सकाळी दहाच्या सुमारास त्यांच्या ड्रॉइंग बोर्डाशेजारचा फोन वाजायचा. नाना दोन शब्द ऐकायचे, पेन्सिल कानावर ठेवायचे आणि साऱ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडायचे, "इट्स अ गर्ल!" मग खणातून पेढ्यांचा डबा निघायचा. दुधाच्या पावडरीचे ते पेढे नाना महिनाभर आधीच करून ठेवत, त्यामुळे खाताना आपल्या दातांचा विचार करावा लागे. नवीन लागलेल्या रिसेप्शनिस्टनं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "त्या गृहस्थांना एकूण बायका किती?"

एकही नव्हती. नाना विधुर होते, वय छप्पन. जन्माला यायची ती शिंगरं.

ही गोष्ट ह्यूस्टनची, शहाऐंशी सालापर्यंतची. मी आणि नाना एकाच तेल कंपनीत होतो. ते पाइपलाइनची ड्रॉइंग्ज करायचे, मी कॉम्प्युटरवर. आम्ही शुगर लँड या उपनगरात नवीन घर घेतलं होतं, आणि त्याच्या पलीकडे, जिथे लॉन संपून खरं गवत सुरू होतं, तिथे पाच एकरांत नाना एका अरबी घोड्याबरोबर राहत. घोड्याचं नाव 'सरकार'. तांबूस रंग, कपाळावर पांढरा टिळा, आणि स्वभाव रिटायर्ड मामलेदाराचा. "आज सरकारांनी नाश्ता घेतला नाही," असं नाना गाडीत बसता बसता सांगायचे. माझ्या नवऱ्याला सर्दी झाली म्हटलं तर मात्र म्हणायचे, "माणसाचं सोड गं, तो क्रोसीन घेईल."

हा घोडा आसपासच्या रँचवाल्यांच्या घोड्यांना पैदाशीसाठी फुकट उपलब्ध होता. तशी जाहिरात नानांनी आमच्या मराठी मंडळाच्या मासिकातही दिली होती. मासिक चालवणाऱ्या काकूंकडे दोनच सदरं होती, पाककृती आणि वधू-वर. त्यांनी बराच विचार करून ती दुसऱ्यात टाकली. "उत्तम घराणं, निर्व्यसनी, शांत स्वभाव" एवढं वाचून दोन बायकांनी पत्रिका मागवली. नानांनी दोघींनाही सरकारच्या सात पिढ्यांची झेरॉक्स पाठवून दिली.

जाहिरातीत शेवटी एक अट असायची. शिंगरू जन्मलं की ताबडतोब फोन करायचा आणि त्याच दिवशी नानांना ते बघू द्यायचं. 'त्याच दिवशी'च्या खाली दोन रेघा.

बाकी सगळं रीतसर चाले. घोडी ट्रेलरमधून उतरली की नाना आधी तिच्याभोवती एक फेरी मारत, पाय बघत, मग मालकाला विचारत, "हिची आई कशी होती? चावरी?" सहा फुटी टेक्सन माणूस हॅट काढून घोडीच्या आईच्या स्वभावाबद्दल खुलासे देत उभा राहायचा. मालकीण आली असेल तर तिच्या हातून घोडीला हळदकुंकू लावलं जाई. डॉटी नावाच्या एक रँचवाल्या बाई तर पुढे पुढे कुंकवाची डबी आपल्या पिकअपमध्येच ठेवू लागल्या.

आता मला या साऱ्याचा एवढा तपशील कसा ठाऊक? तर आमचं कारपूल होतं. आठवडाभर त्यांची गाडी, आठवडाभर माझी. फोन आला की नाना साहेबाला "फॅमिली इमर्जन्सी" सांगून निघत, आणि गाडीचा आठवडा त्यांचा असला तर मलाही निघावं लागे, नाहीतर घरी कशी जाणार? एकदा तर मी प्रेझेंटेशनसाठी साडी नेसून आले होते आणि दुपारी बाराला शंभर मैलांवरच्या एका तबेल्यात, गुडघाभर पेंढ्यात उभी होते. मे महिन्याचा तो दमट उकाडा, माशा, आणि समोर चार काटक्यांवर थरथरत उभं असलेलं ओलसर शिंगरू.

मी मनातल्या मनात नानांना शिव्या घालत होते. तेवढ्यात ते गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी हात पुढे केला. शिंगरानं त्यांची बोटं हुंगली, मनगट हुंगलं, मग शर्टाच्या बाहीत नाक घातलं. नाना हलले नाहीत. पाच मिनिटांनी उठले, घोडीला गूळ दिला आणि म्हणाले, "चल, झालं काम."

"एवढ्यासाठी शंभर मैल?" मी गाडीत विचारलं.

"पहिल्या दिवशी वास घेतला की आपण त्याला परके राहत नाही, सुलभा. दुसऱ्या दिवशी गेलं तर ते बिचकतं. मग जन्मभर बिचकतं."

हे त्यांना वडिलांनी सांगितलेलं. वडील इंग्रजांच्या अमदानीत सातारा भागात सरकारी घोड्याचे मोतद्दार होते. पलटणीला चांगली जनावरं मिळावीत म्हणून सरकार एक जातिवंत घोडा जिल्ह्यात फिरवी. वडील त्याचा लगाम धरून चालत गावोगाव जात. प्रत्येक गावात चार दिवस मुक्काम, शेतकरी आपल्या घोड्या आणत, मग पुढचं गाव. घोड्याला लोक 'सरकार'च म्हणत. घोडी अकरा महिन्यांनी विते, आणि तोवर वडिलांना भलत्याच तालुक्यात धाडलेलं असे.

"बावीस वर्षं फिरले," नाना म्हणाले. "शिंगरू एकही पाह्यलं नाही. बाजारात एखादं तांबडं जनावर दिसलं की उगाच त्याच्या मालकाला गाव विचारायचे."

मला वाटलं, चला, कोडं सुटलं. वडिलांची राहिलेली हौस मुलगा टेक्सासात भागवतोय. मी ही गोष्ट मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, रंगवून सांगितलीसुद्धा. माझ्याइतका शहाणा माणूस मीच.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये नानांनी गाडीत एक कार्ड माझ्या हातात दिलं. त्यांच्या मुलीचं, शालनचं. ती नवऱ्याबरोबर, विमानानं चार तासांवरच्या रेडमंडला राहायची. मुलगी आहे एवढं मला माहीत होतं. दिवाळीला फोन करते, फादर्स डेला कार्ड पाठवते. या कार्डावर इंग्रजीत दोन ओळी होत्या: सगळं ठीक आहे, बाळ मे महिन्यात येईल.

"अहो नाना! अभिनंदन! तिकीट काढलंत का?"

"बोलावलेलं नाही."

"मग तुम्ही विचारा ना तिला."

नाना पुढच्या ट्रककडे बघत राहिले. "घोडीवाल्यांना मी अट घालतो," ते म्हणाले. "हिला कुठल्या तोंडानं घालू?"

मग हळूहळू, चार-पाच दिवसांच्या जाण्यायेण्यात, तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. नाना शिकायला अमेरिकेला आले तेव्हा बायकोला पाचवा महिना होता. दोन वर्षांत परत जायचं ठरलं होतं. आधी शिक्षण लांबलं, मग नोकरी, मग कागदपत्रं. शालन आईबरोबर एअरपोर्टवर उतरली तेव्हा आठ वर्षांची होती. नानांनी हात पुढे केला, तर ती आईच्या पदराआड गेली आणि म्हणाली, "काका, नमस्कार." पुढे बाबा म्हणायला शिकली, मग डॅड म्हणायला. पण रात्री आपल्या खोलीचं दार लावून घ्यायची. अठराव्या वर्षी कॉलेजला गेली ती गेलीच.

"वाईट वागली नाही गं कधी," नाना म्हणाले. "पाहुण्याशी वागावं तशी छान वागली."

त्या दिवशी मला पॉटलकमधल्या माझ्या गोष्टीची लाज वाटली.

मे उजाडला. नानांनी पेढे केले नाहीत. फोन वाजला की पेन्सिल खाली पडायची. एकदा डॉटीबाईंचा फोन आला, घोडी व्याली होती, आणि नाना म्हणाले, "मॅम, मी आज येऊ शकत नाही. मी एका कॉलची वाट बघतोय." चार वर्षांत पहिल्यांदाच सरकारचं शिंगरू त्यांनी पाहिलं नाही.

तो कॉल एका मंगळवारी आला. नाना उभं राहून ऐकत होते. "छान," ते म्हणाले. मग "येस." मग पुन्हा "छान." फोन ठेवून ते खुर्चीत बसले आणि अर्धवट राहिलेल्या ड्रॉइंगवर रेघ ओढायला लागले.

मी जाऊन उभी राहिले. "काय झालं?"

"मुलगी. पहाटे झाली. दोघी ठीक आहेत."

"आणि या म्हणाली?"

"कळवलं तिनं. कळवलं हेच खूप आहे."

गाडीचा आठवडा माझा होता. मी पर्स उचलली, त्यांच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि साहेबाला सांगितलं, "फॅमिली इमर्जन्सी." साहेब म्हणाला, "आता घोडा तुझाही?" मी नानांना घेऊन सरळ एअरपोर्टचा रस्ता धरला. ते सारखं म्हणत होते, "अगं, कपडे नाहीत. अगं, सरकारांना वैरण कोण टाकेल?" ती माझा नवरा टाकणार होता. त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याचं सांगायचं तर चार दिवसांनी त्याला आणि घोड्याला एकमेकांचं तोंड बघवत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी नानांना आणायला गेले. तोच शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. गाडीत बसले, पट्टा लावला, आणि पहिली पंधरा मिनिटं रेडमंडचा पाऊस या विषयावर बोलले.

"नाना," मी म्हटलं, "बाळानं हात हुंगला का?"

"बाळ छान आहे. आजीवर गेलंय." मग म्हणाले, "त्याच रात्री मी हॉस्पिटलात तिच्या खोलीच्या दारात उभा होतो. शालननं बघितलं. कळांनी दोन दिवस झोप नव्हती तिला. बाळ माझ्या हातात दिलं, म्हणाली, 'डॅड, टेन मिनिट्स,' आणि पलंगावर आडवी झाली. दोन तास झोपली."

"आणि तुम्ही दोन तास बाळाकडे बघत बसलात?"

"नाही गं. बाळाकडे कुठलं." नानांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "एकोणतीस वर्षांची पोरगी माझी, सुलभा, आणि झोपेत तिचं तोंड उघडं राहतं, हे मला आत्ता कळलं."