मास्तरचं होर्मे

दूध उतू चाललं की माणूस धावतो. दामू मास्तर धावत नसत. चुलीसमोर उकिडवे बसून पाहत राहत अन् खुश होऊन मले हाक मारत, "गजू, ये गा लवकर! होर्मे पाह्य, होर्मे!"

मी त्या वर्षी त्याईच्याच गोंडपिपरीच्या शाळेत मास्तर म्हणून नवा लागलो होतो अन् आमच्या खोल्या भिंतीले भिंत लागून. आता होर्मे म्हणजे काय, हे तुम्हाले सांगायची मले लई घाई आहे, पण खरं सांगू? मलेच समजलं नाई! मास्तर चांद्याले शिकत होते तवा एका म्हाताऱ्या पाद्र्यानं त्याईले उधई लागलेला ग्रीक शब्दकोश देल्ला. अख्ख्या कोशातून मास्तरनं हा एकच जुनापुराना शब्द धरला. आतून उसळी येते ते होर्मे. अंगावर चालून येणं तेही होर्मे. निघणं, सुटणं, मनात येणं, सारं होर्मे!

"म्हणजे मास्तर, रानडुक्कर अंगावर आलं तं होर्मे?"

"हो."

"अन् मले भजे खावंसे वाटले तं?"

"तेही होर्मे."

"मंग डुकरात अन् भज्यात फरक काय?"

"तेच तं पाहून राह्यलो ना गा मी!"

स्वतः मास्तर मात्र बाजारात वांगं उचलत, ठेवत, परत उचलत. समोरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, सुभद्राबाई, एकट्याच राहायच्या. रोज संध्याकाळी मास्तर त्याईच्या फाटकापर्यंत जात, कडी हातात धरत अन् वापस येत. सारं गाव जाणून होतं. बाईही. "मास्तर, कडी घासून गुळगुळीत केली तुम्ही," त्या हसून म्हणत. मास्तर कडीकडं पाहत.

मंग बाईची बदली झाली सिरोंच्याले. निघायचा दिवस नेमका शंकरपटाचा. बैलजोड्यांची शर्यत! जोडी सोडायची झेंडी पाडायले शिकलेला माणूस पाहिजे म्हणून गाव दरसाल मास्तरलेच उभं करे. आता ही चूक दुसऱ्या कोण्या गावानं केली असती का? जोडी फुरफुरून राह्यली, हाकणारा धुरकरी कासरा आवळून उभा, अन् मास्तर झेंडी वर धरून विचारात, हे होर्मे बैलात आहे का धुरकऱ्यात?

"पाडा ना मास्तर! बैल म्हातारे होऊन राह्यले!"

त्या दिवशीही तसंच. झेंडी वर ते वरच. तेवढ्यात बाजूच्या सडकेवरून सिरोंच्याची मोटार निघाली. खिडकीत सुभद्राबाई. मास्तरनं झेंडी फेकली अन् धोतर सावरत सडकेकडं सुटले! झेंडी पडली म्हणून जोडीही सुटली! बैल एकीकडं, मास्तर दुसरीकडं, लोकाईले समजेना पाहावं कोणाकडं. मी मास्तरच्या मागं.

ड्रायव्हरनं मोटार थांबवली. मास्तर खिडकीखाली उभे, छाती भात्यावाणी.

"काऊन मास्तर?" बाईनं विचारलं.

मास्तरनं तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं.

"तिकडं... ऊन लई लागते म्हणतात. कांदा ठेवत जा जवळ."

पटाचे दिवस, कडाक्याची थंडी! दुलया पांघरून बसलेली सारी मोटार हसली. बाई नाई हसल्या.

"मंग तुम्हीच आणून द्या ना," त्या म्हणाल्या, अन् मोटार गेली.

धूळ बसली तरी मास्तर तिथीच.

"मास्तर, अहो, बाई बोलावून गेल्या तुम्हाले!"

"मले? कवा?"

"आत्ता! कांदा आणून द्या म्हणाल्या ना!"

मास्तर मैलाच्या दगडावर टेकले. एका पायात चप्पल नव्हती, त्याईले पत्ताच नाई. हळूच म्हणाले, "पण गजू, मी पोचलो तं होतो ना गा?"

"हो ना मास्तर."

तळपायाचा काटा काढत त्याईनं विचारलं, "उद्याची मोटार इथी थांबवली तं थांबते का?"