तीन मजल्यांचं हृदय

"अगं, हृदय म्हणजे शेवटी असतं काय? दोन मोटारी आणि चार व्हॉल्व्ह!" पानेमामा म्हणाले आणि तिथेच घात झाला.

पानेमामा नळाची कामं करत. हातात पाना नसला की त्यांना अंगात सदरा नसल्यासारखं वाटे. त्यांची बायको शाळेत विज्ञान शिकवायची, पण अजून तात्पुरतीच. उद्या तपासनीस बाई तिचा तास बघायला येणार होत्या. तास रंगला तर नोकरी कायम, फसला तर रामराम.

"नीट ऐका हं," बायकोनं कागदावर चित्र काढलं. "अंगातलं अशुद्ध रक्त इथे उजव्या बाजूला येतं. तिथून फुप्फुसांत जातं, प्राणवायू घेतं, डाव्या बाजूला परततं आणि डावी बाजू ते अंगभर ढकलते. झडपा रक्ताला मागे फिरू देत नाहीत. मला टेबलावर मावेल एवढंसं मॉडेल हवंय. कळलं?"

"कळलं का म्हणून कुणाला विचारतेस? जन्म गेला झडपा बसवण्यात."

"आणि रक्त पाच लिटर. माणसाच्या अंगात साधारण तेवढंच असतं."

पाच लिटरमध्ये माझी मोटार नाकसुद्धा धुणार नाही, असं मामा म्हणाले. मनात म्हणाले, म्हणून वाचले.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत जे हृदय उभं राहिलं, त्याला बघून दारातलं कुत्रं माघारी गेलं. चार झडपा बसवलेले पाइप, फुप्फुसं म्हणून दोन भलेमोठे फुगे आणि शरीर म्हणून एक अख्खं पिंप. पिंपात काठोकाठ पाणी आणि त्यात खायच्या लाल रंगाची सबंध बाटली. मोटार तर एका उंच इमारतीतून दुरुस्तीला आलेली होती. ती बसवताना टेबल कण्हलं.

मामांना खुपत होती एकच गोष्ट. ही लाइन कुठूनच येत नव्हती, कुठेच जात नव्हती. नुसती आपल्याभोवती गोल फिरत होती. बाहेरचं पाणी नसलेली लाइन मामांच्या लेखी अनाथ. त्यांना राहवेना. बायकोची नजर चुकवून त्यांनी एक पाइप प्रयोगशाळेच्या नळाला जोडला आणि नळ सोडून ठेवला. रक्त कमी पडलं तर असावं हाताशी!

तपासनीस बाई प्रवासानं धुळकटून आल्या. "तुम्ही सुरू करा, मी वर जाऊन तोंड धुऊन येते," म्हणून जिना चढल्या.

बायकोनं बटण दाबलं. धडाड-धूम! धडाड-धूम! फुगे थरथरले, पाइप लालेलाल झाले. मुलांनी टाळ्या पिटल्या. मामांची छाती त्या फुग्यांहून फुगली.

एवढ्यात पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली, "बाई, शरीर रिकामं होतंय!"

पिंपातलं पाणी सरसर खाली चाललं होतं. मामांच्या कपाळावर घाम आला. हृदयाला त्यांनी चार झडपा लावल्या होत्या, पण नळाला एकही नाही. आणि गच्चीवरच्या टाकीला न जुमानता ती मोटार शाळेच्या साऱ्या नळांत रक्त चढवत होती!

"अहो, काय केलंत?"

"काही नाही गं. जरा नातेवाईक जोडले."

वरून किंकाळी आली. पाठोपाठ मुख्याध्यापक धावत आले. चूळ भरता भरता त्यांच्या पांढऱ्या मिशा डाळिंबी झाल्या होत्या. "बाई, शाळेला रक्ताची उलटी झाली!"

मामांनी बटण बंद केलं, तोच दारात तपासनीस बाई उभ्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत लाल. बायकोनं डोळेच मिटून घेतले.

"हे रक्त वर कसं आलं?" तपासनीस बाईंनी विचारलं.

मुलांचे हात भराभर वर गेले. "नळाला झडप नव्हती, बाई! झडप नसली की रक्त नको तिकडे जातं!"

"आणि माणसाच्या हृदयातली झडप नीट मिटली नाही तर?"

"रक्त मागे गळतं! मग हृदयाला जास्त काम पडतं!"

"शिवाय नातेवाईक जोडायचे नाहीत!" मागून कुणीतरी म्हणालं.

तपासनीस बाईंनी तोंड पुसलं. रुमाल लाल झाला, तोंड तसंच राहिलं. "झडपांचा धडा इतका अंगाला लागलेला मी पहिल्यांदाच पाहते आहे," त्या म्हणाल्या आणि मामांच्या बायकोची नोकरी तिथल्या तिथे कायम झाली.

मामा मान खाली घालून पाइप सोडवू लागले. तपासनीस बाई जाता जाता त्यांच्याजवळ थबकल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या,

"अहो, आमच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर पाणीच चढत नाही. हे हृदय सोमवारी बसवून द्याल का?"