खानझोडेकाका आणि रोमचं पतन

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. हॉलचं भाडं साठ डॉलर. हजर पाच जण: वक्ते खानझोडेकाका, मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या आमच्या छोट्या मराठी मंडळाचा खजिनदार मी, माझी बायको आणि समोशांसाठी आलेलं एक जोडपं. विषय, ‘विवाह, कुटुंब आणि प्राचीन समाजांचा नैतिक ऱ्हास’. बॅबिलोन अर्धंच पडलेलं असताना काकांनी घड्याळ पाहिलं. सव्वाआठ झाले होते. “उरलेलं पुढच्या महिन्यात,” म्हणाले आणि कोट चढवून चालू लागले.

कुठूनही सव्वाआठला निघायचं, हा त्यांचा नियम. यंदा तर स्वतःच्या सत्तरीचा केकसुद्धा न कापता गेले.

काका मोटारींच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. गाडीचा बिघाड आवाजावरून ओळखत. आता समाजाचा ओळखतात. कुणी रोज बाहेरून जेवण मागवलं, की “रोम असंच पडलं.” कुणाच्या मुलाने लग्नाआधी मैत्रिणीबरोबर घर घेतलं, की “अथेन्स.” प्रकरण फारच गंभीर असेल तर “बॅबिलोन”, आणि मग त्या घरी चहाही घेत नाहीत. मुख्य सिद्धांत एकच: नवरा-बायको वेगवेगळ्या वेळी जेवू लागले, की साम्राज्य शंभर वर्षांत संपतं.

“शंभरच का?” मी एकदा विचारलं. आकडा आला की मला राहवत नाही.

“ऐंशी धर,” काका म्हणाले.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचा, मृणालचा घटस्फोट झाला. दोन नातवंडं सांभाळायला काकू टेक्सासला, फ्रिस्कोला गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. “मोडलेल्या घरात मी पाऊल ठेवणार नाही,” काकांनी जाहीर केलं. तेरा महिने ठेवलं नाही. मुलीशी बोलणंही बंद.

त्या शनिवारी ते हॉलमध्ये चष्मा विसरले. मी द्यायला गेलो. माझ्या घड्याळात आठ एकतीस, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळात साडेसात. टेबलावर त्यांचं ताट. समोर टेकवलेल्या आयपॅडवर काकू, आणि काकूंचं ताट.

“काका, घड्याळ तासभर मागे आहे.”

“बरोबर आहे. टेक्सासचं आहे ते.”

तेवढ्यात काकूंच्या मागून मृणाल धुतलेले कपडे घेऊन गेली. काकांनी मान वळवली आणि भिंतीला म्हणाले, “अगं, तिला विचार, सिंकखालचं गळणं थांबलं का?”

“तुम्हीच विचारा की! चार फुटांवर उभी आहे.”

काका भात कालवत राहिले.

“नाही थांबलं, बाबा,” मागून आवाज आला. “बादली ठेवलीय. प्लंबर ट्यूसडेला येतो म्हणाला. लास्ट ट्यूसडेलाही तेच म्हणाला होता.”

काकांचा घास हातातच राहिला. “नट घट्ट करून पाहिलास?”

“कशाने करू?”

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी चष्मा टेबलावर ठेवला आणि निघालो.

गुरुवारी काकांना मीच विमानतळावर सोडलं. पन्नास पौंडांची मर्यादा, बॅग भरली चौसष्ट. निम्म्या बॅगेत नट आवळायचे पाने आणि पकडी.

“काका, मोडलेलं घर?”

“रोमची तीच चूक झाली,” काका म्हणाले. “सगळे भाषणं देत बसले. पाना घेऊन कुणी गेलंच नाही.”

जादा वजनाचे शंभर डॉलर त्यांनी काउंटरवर विमान कंपनीला भरले. परतीच्या तिकिटाचे अजून कुणालाच भरलेले नाहीत.