हमालदया मंडळीचं सामान

चोपड्याचे बन्सीलालभाऊ आगबोटीने विलायतेच्या सहलीला जाणार, ही गोष्ट तालुक्याने मान्य केली होती. भाऊंचा सरकी काढायचा कारखाना होता, पोटात वायू होता, आणि समुद्राच्या हवेने तो जातो असं डॉक्टरांचं मत होतं. अडचण उभी केली ती बोटीच्या कंपनीने. तिने तिकिटाबरोबर एक छापील पुस्तिका धाडली आणि तीत लिहिलं, ‘सामान बांधताना हमालांचा विचार करावा.’

भाऊंनी हे वाक्य ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. आम्ही सगळे चपापलो. हमालाचा विचार आजवर आमच्यापैकी कोणी केलेला नव्हता. तो कसा करतात हेच ठाऊक नव्हतं. पण छापलंय म्हटल्यावर करणं भाग होतं. आणि विचार ही काही एकट्यादुकट्याने करायची गोष्ट नव्हे. म्हणून त्याच ओट्यावर ‘हमालदया मंडळी’ स्थापन झाली. अध्यक्ष भाऊ, चिटणीस मी. मीच का, असं विचारणारे गावात निघालेच. जळणारे जळोत.

पहिल्याच सभेत घोडं पेंड खाऊ लागलं. सामानाची मोठी पेटी बेबाबाईंनी, म्हणजे भाऊंच्या कुटुंबाने, आधीच भरून ठेवली होती. आम्ही चौघांनी तिला हात लावून पाहिला. ती हलली नाही. उघडली तर तळाशी पाटा-वरवंटा, त्यावर मांडे भाजायचं खापर, आणि खापर फुटू नये म्हणून भोवती कळण्याच्या भाकरीचं पीठ ठासलेलं.

“वहिनी, बोटीवर पाटा?” मी म्हणालो.

“मग? त्यांना पाट्यावरच्या ठेच्याशिवाय घास उतरतो का?”

“पण वाटणार कोण?”

“एवढी मोठी बोट, एखादी बाईमाणूस नसेल का तिच्यावर?” असं म्हणून त्यांनी पेटी लावून घेतली.

भाऊंच्या घरात बेबाबाईंच्या शब्दाला अपील नाही. तेव्हा मंडळीने पुष्कळ ऊहापोह करून ठराव केला की, सामानाचं वजन आहे तेच राहावं, मात्र हमालांविषयीचा विचार त्या प्रमाणात वाढवावा. ठराव एकमताने पास झाला. मीच लिहिला होता.

विचार वाढवायचा तर त्याला साहित्य लागतं. भाऊंनी आपल्या कारखान्यातली उंची रुई देऊन मऊ चुंबळी शिवून घेतल्या, हमालाच्या डोक्याला टोचू नये म्हणून. जळगाव, मुंबई, एडन आणि लंडन इथल्या सर्व हमालांना पुरतील अशा शिवल्या, त्यामुळे त्यांची दोन भली मोठी गाठोडी झाली. हमालांची मान चोळायला तिळाच्या तेलाचे डबे घेतले. उन्हाने एखाद्याला भोवळ आली तर त्याला निजवायला सुताने विणलेली बाज घेतली. त्याला तहान लागेल म्हणून रांजण घेतला. रांजण रिकामा नेणं ही निव्वळ थट्टा झाली असती, म्हणून तो तापीच्या पाण्याने भरून घेतला.

मग अभिमन मास्तरांनी मुद्दा काढला. मास्तर आमचे उपाध्यक्ष; यांना मुद्दे फार सुचतात. ते म्हणाले, “ओझं किती आहे हे मोजल्याशिवाय दया किती करायची ते कळणार कसं? न मोजता केलेली दया ही केवळ भावना होय.” कारखान्यातला कापूस तोलायचा लोखंडी काटा, त्याची तिपाई आणि सगळी वजनं सामानात बांधली गेली.

हे सारं बैलगाड्यांतून जळगावला निघालं. तापीच्या वाळूत बैलांनी गुडघे टेकले. बैल मंडळीच्या उद्देशांत बसत नसल्याने त्यांना चाबकाने उठवण्यात आलं.

जळगाव स्टेशनावर आमच्या गाड्या दिसताच सगळे हमाल कुठे गडप झाले कोण जाणे. एकटा वना उरला. चांगला दणकट गडी, दंडावर पितळी बिल्ला. त्याने पेटीकडे पाहिलं, खांद्यावरच्या फडक्याची चुंबळ केली आणि वाकला.

“थांब!” भाऊ ओरडले. “आधी तुझा विचार व्हायचाय.”

“भाऊ, विचार नंतर करज्यात. मी बठ्ठं सामान दोन खेपमा लई जास. पेटी डोकावर ठी द्या फक्त.”

“हे अज्ञान बोलतंय,” मास्तर म्हणाले.

वना हात जोडून सांगू लागला. मागल्या आठवड्यात कुणा साहेबाच्या टोपीची पेटी त्याच्या हातून चेपली होती. आणखी एक तक्रार आली की बिल्ला काढून घेईन, असं स्टेशनमास्तरांनी त्याला बजावलं होतं. “भाऊ, बिल्ला गया ते मना पोरेसनी काय खावानं?”

ऐकून भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू! इतका दयेला योग्य माणूस पहिल्याच फटक्यात सापडेल असं वाटलं नव्हतं. आम्ही त्याला धरून बाजेवर बसवलं. गळ्यात हार घातला. दोघांनी त्याची मान तेलाने रगडायला घेतली. तो उठू लागला की आम्ही त्याला प्रेमाने खाली दाबत होतो.

तिकडे फलाटावर तिपाई उभी राहिली आणि एकेक नग तोलला जाऊ लागला. गाठोडी झाली, डबे झाले. पेटीच्या भाराने काट्याची साखळी करकरली, पण टिकली. रांजण तोलताना निम्मा सांडला, तेव्हा तो पुन्हा तोलावा लागला. सगळं सुरळीत चाललं होतं, इतक्यात मास्तर म्हणाले, “काट्याचं स्वतःचं वजन?”

आता बोला! काटा काट्यावर कसा तोलायचा? आणि न तोललेली वस्तू हमालाच्या डोक्यावर देणं म्हणजे मंडळीच्या तोंडाला काळं. भाऊंनी तिथेच तातडीची सभा बोलावली. एकाचं मत पडलं, धुळ्याहून दुसरा काटा मागवावा. दुसऱ्याने विचारलं, मग त्या काट्याचं वजन कशावर? चर्चा अशी रंगली की विचारू नका.

“भाऊ, गाडी ई ऱ्हायनी!” बाजेवरून वना ओरडला.

“सभेत मध्ये बोलू नये,” मी त्याला सांगितलं.

मेल आली. वना उसळून उठला. आमच्या चार सभासदांनी त्याला पुन्हा बाजेवर निजवला, कारण त्याला भोवळ आली असावी असा आमचा समज झाला. मेल थांबली. मास्तरांनी उपसूचना मांडली. शिट्टी झाली. भाऊंनी उपसूचना मताला टाकली. मेल सुटली. उपसूचना पास झाली, पण तोवर गार्डाचा डबाही सिग्नलपार गेला होता, आणि त्या मेलशिवाय बोट गाठणं शक्य नव्हतं.

भाऊंचा पारा चढला, आणि तो चढणं साहजिकच होतं. ते तडक स्टेशनमास्तरांकडे गेले आणि म्हणाले, “तुमचा हमाल मेल आली तरी गळ्यात हार घालून बाजेवर पसरला होता.” साहेबांनी बाहेर येऊन पाहिलं. वना बाजेवर होता, मानेवरून तेल ओघळत होतं. साहेबांनी जागच्या जागी बिल्ला काढून घेतला.

मंडळीला अतोनात दुःख झालं. वनासाठी काही तरी केलंच पाहिजे, असं प्रत्येक जण म्हणाला. परंतु चिटणीस या नात्याने मला सभेच्या निदर्शनास आणावं लागलं की, बिल्ला गेल्यामुळे हा इसम आता हमाल राहिलेला नाही, आणि जो हमाल नाही त्याच्यावर दया करण्याचा मंडळीला अधिकार नाही. सभेने जड अंतःकरणाने त्याच्या गळ्यातला हार परत घेतला.

वना रडला नाही. त्याने आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं आणि विचारलं, “इतला जण शेतस तुम्ही. बठ्ठासनी एकेक नग उचला आस्ता, ते गाडी सापडी जाती ना, भाऊ?”

माणूस दुखावलेला होता, म्हणून मी त्याला शांतपणे समजावलं की बाबा रे, मंडळीची घटना तुला माहीत नाही. सभासद होण्याला आमच्यात एकच अट आहे: ज्याने आपलं सामान आपल्या हाताने कधी उचललेलं नाही, तोच हमालांविषयी निर्विकारपणे विचार करू शकतो. वर्गणी नाही, परीक्षा नाही.

वाचकहो, इतका वेळ आपण वनासाठी हळहळत होतात, ते मी पाहत होतो. आपलं नाव मी सभासदांच्या यादीत घालून टाकलं आहे.