काडेपेटीवरचं नाव

सकाळी आमची गल्ली देवाच्या मागं असते, दत्तू कंपाउंडर कुत्र्यांच्या मागं. हातात आइस्क्रीमची काडी, खिशात रिकाम्या काडेपेट्या. कुत्रं बसलं की हा थांबतो. ते उठलं की हा वाकतो.

जनावरांच्या दवाखान्यातनं रिटायर झाला, पण खोड गेली नाही. भंगारातली दुर्बीण, म्हणजे मायक्रोस्कोप, दुरुस्त केली, तीत कुत्र्यांची घाण बघत बसतो. एकदा मलाही बघायला लावलं. "जंताची अंडी दिसली? मातीत लवकर मरत न्हाईत. पोरं मातीत खेळणार, तीच बोटं तोंडात घालणार." त्या दिवशी मला तांबडा रस्सा गेला नाही.

"हात धुतला काय?" हाच त्याचा रामराम. उचगावात लग्नाच्या पंगतीत नवरदेवाच्या बापाला म्हणाला, "पावणं, साबणानं की नुसत्या पाण्यानं?" व्याही भडकला, पण उठून धुऊन आला.

जंताची गोळी तो पेढ्यात घालून कुत्र्यांना देतो. घाण भरलेल्या काडेपेटीवर नाव मात्र कुत्र्याचं नसतं, त्याला भाकरी घालणाऱ्याचं असतं.

औंदा सुताराची नात बांधकामाच्या वाळूत अनवाणी खेळली आणि पायावर नागमोडी वळ उठला. डॉक्टर म्हणाला, कुत्र्याच्या जंताची अळी कातड्यात शिरली. झालं! गल्ली माझ्या दारातल्या पांढऱ्या कुत्रीवर उठली. तिला माझी बायको भाकरी घालायची. बायको गेली, कुत्री उंबरा सोडीना.

"बिद्रीकडं सोडून या तिला!" सुतार ओरडला. माझ्यात भांडायचं बळच उरलं नव्हतं.

दत्तू भांडला. "ही गेली तर दुसरी येणार, जंत घिऊनच! हिला मी औषध देतो. तुम्ही वाळूवर ताडपत्री टाका, पोरांच्या पायात चपला घाला. पंधरा दिवसांनी तपासतो. जंत निघालं तर मीच सोडून येतो."

पंधरा दिवस मला घास गोड लागला नाही. मग त्यानं हाक मारली. "बघ. एक अंडं न्हाय."

मला दुर्बिणीतलं काय कळतंय? माझी नजर शेजारच्या काडेपेटीवर गेली. वर बायकोचं नाव. शांतावैनी.

"अरे, ती जाऊन चार महिनं झालं. नाव खोडलं न्हाईस?"

"कुत्री अजून त्यांचीच वाट बघतीया की. मी कोण खोडणार?"

माझा हात डोळ्याकडं गेला. त्यानं मधेच मनगट धरलं.

"हात धुतला काय?"

मोरीवर नेऊन त्यानंच माझ्या हाताला साबण लावला. मग तांब्यानं पाणी घालत राहिला, माझं रडणं थांबेपर्यंत.