टीपकाकूंचा पाय हलल्याची चौकशी

नुसतं गाणं आवडून माणसाचं समाधान होत नाही. शेजाऱ्याला आवडलेलं गाणं आपल्या गाण्याहून हलकं आहे हे चारचौघांत सिद्ध झालं, की मगच आवड पूर्ण होते. हे सत्य ज्यांना लवकर उमगलं अशा थोर लोकांनी आमचं शिखरगीत क्रमवारी मंडळ स्थापन केलं, आणि मी या मंडळाचा चिटणीस आहे. (पगार नाही. मान आहे. तोही सभा चालू असेपर्यंत.)

मंडळाचं काम तसं सोपं. जे गाणं लोकप्रियतेच्या तक्त्यावर कधी ना कधी पहिल्या नंबरावर जाऊन बसलं, तेच आम्ही विचारात घेतो. दुसऱ्या नंबरावर अडकलेल्या गाण्याला आमच्या दारात उभं करत नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. छाननी होऊन सदतीस गाणी उरली, आणि त्यांचा आपापसातला क्रम लावणं दर रविवारी सकाळी दंतवैद्यांच्या दवाखान्यात चालतं. दंतवैद्यांच्या डोक्यावर केस होते तेव्हापासून चालतं. पेशंट बसतात त्या बाकांवर आम्ही बसतो, मधल्या टेबलावर जुनी मासिकं आणि प्लास्टरचा एक जबडा असतो. सभेत आरडाओरडा झाला की अध्यक्ष तोच जबडा टेबलावर आपटतात. सभागृह लगेच शांत होतं, कारण प्रत्येकाला आपली दाढ आठवते.

मंडळाने एकदा पाहणी केली होती. शंभरातल्या नव्वद लोकांना गाणी ऐकायला आवडतात असं आढळलं. उरलेले दहा सभासद व्हायला पात्र आहेत.

आता नियमांविषयी. नियम बरेच आहेत, पण मंडळ ज्यावर उभं आहे तो एकच: सभेत गाणं वाजवायचं नाही. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. पण जरा विचार करा. गाणं ऐकलं की माणसाचं मत बदलू शकतं, आणि मत बदलू लागलं तर क्रमवारी टिकायची कशी? याच कारणासाठी गाण्याचं नावही आम्ही घेत नाही. नाव घेतलं की चाल आठवते, चाल आठवली की कोणीतरी गुणगुणतं, आणि मग चर्चेचं वाटोळं. आम्ही 'क्रमांक एक', 'क्रमांक नऊ' असंच बोलतो. काही नव्या सभासदांना क्रमांक नऊ म्हणजे कुठलं गाणं हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्याच्या बाजूने ते फार तळमळीने बोलतात.

मंडळात दोन पक्ष आहेत. एकवाले आणि दोनवाले. एकवाल्यांचे पुढारी म्हणजे आमचे अध्यक्ष. हे वजनमापं निरीक्षक म्हणून निवृत्त झाले; आयुष्यभर दुकानदारांच्या तराजूखाली बोट घालून बघितल्यामुळे त्यांना जगात सगळीकडे पासंगच दिसतो. दोनवाल्यांच्या पुढारी भूगोलाच्या बाई. दंतवैद्यही दोनवाले, आणि प्रचारात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही. ते पेशंटच्या तोंडात यंत्र घालतात आणि मग क्रमांक दोनची थोरवी सांगतात. आजवर एकाही पेशंटने मतभेद नोंदवलेला नाही.

तरीही सभागृहात एकवाले एका मताने पुढे होते. ते एक मत टीपकाकूंचं.

टीपकाकू शिवणकाम करतात. पायाने चालवायची मशीन आहे त्यांची, आणि टीप अशी सरळ की अध्यक्षांनी एकदा पट्टी लावून बघितली आणि निमूटपणे पट्टी खिशात घातली. यजमान गेले, मुलगा दूरच्या शहरात, फोनवर 'जेवलीस का' आणि 'ठेवतो' एवढंच. आठवडाभर काकूंकडे माणूस येतो तो ब्लाउज घट्ट झाला किंवा पँट सैल झाली हे सांगायला. रविवारी मात्र खिडकीजवळची खुर्ची त्यांच्यासाठी राखून ठेवलेली असे, आणि उशीर झाला तर कोणीतरी हमखास विचारायचं, "अहो, काकू कुठे राहिल्या?" त्या एका प्रश्नासाठी काकू येत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बदल्यात त्या क्रमांक एकवर असं काही बोलत की दोनवाल्यांच्या तोंडचं पाणी पळे.

अशा काकूंवर एके दिवशी आरोप आला. भूगोलाच्या बाईंनी लेखी तक्रार दिली: 'बेकरीच्या रांगेत उभे असता रेडिओवर क्रमांक सदतीस लागले असून सदर सभासदाचा उजवा पाय दुसऱ्या कडव्यापासून गाणे संपेपर्यंत तालात हलत होता.'

वाचकाला या आरोपाचं गांभीर्य कळावं म्हणून सांगतो. क्रमांक सदतीस हे आमच्या यादीतलं शेवटचं गाणं. ते जेमतेम एक आठवडा शिखरावर बसलं, तेही त्या आठवड्यात दुसरं काही आलं नाही म्हणून. शब्द पोरकट, चाल त्याहून पोरकट. आम्ही ते यादीत ठेवलंय ते केवळ बाकीच्या छत्तिसांना खाली बघायला काहीतरी हवं म्हणून. आणि पहिल्या क्रमांकाच्या खंद्या पुरस्कर्त्या सभासदाचा पाय त्यावर हलावा! चौकशी लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आरोप शाबित झाला तर सभासदत्व जाणार होतं, आणि सभासदत्वाबरोबर खिडकीजवळची खुर्ची.

चौकशीच्या रविवारी काकू इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि आपल्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या.

काकूंच्या वतीने अध्यक्षांचे मेहुणे उभे राहिले. हे वकील नाहीत, पण त्यांचं स्वतःचं जागेचं प्रकरण बरीच वर्षं कोर्टात पडून असल्यामुळे मंडळात तेच कायदेतज्ज्ञ. त्यांनी बाईंची उलटतपासणी घेतली.

"बाई, रांगेत माणूस समोर बघतो. तुम्ही खाली का बघत होतात?"

"माझी चप्पल सटकली होती."

"उभ्या उभ्या चप्पल कशी सटकली?"

बाई लाल झाल्या. अध्यक्षांनी जबडा आपटून हा प्रश्न चौकशीच्या कक्षेबाहेर असल्याचं जाहीर केलं.

मग मेहुण्यांनी खरा डाव टाकला. काकूंचा पाय आठवडाभर मशीनवर हलतो. सवय जडली आहे. तेव्हा बेकरीत पाय हलला तो धंद्याने; गाण्याचा त्यात काडीचा संबंध नाही. अध्यक्षांचा चेहरा उजळला. काकू गेल्या तर बहुमत जाणार, आणि बहुमत गेलं तर क्रमांक दोन बरोबरीला येणार, या काळजीने ते आठवडाभर नीट जेवले नव्हते (असं त्यांच्या मंडळींनी माझ्याकडे बोलून दाखवलं, आणि आवाजात तक्रार नव्हती).

"सिद्ध करा," बाई म्हणाल्या. "इथे वाजवा सदतीस. बघू पाय कसा हलतो. धंद्याचा पाय एका लयीत हलेल. गाण्याचा पाय गाण्याबरोबर हलेल."

सभेत गाणं! पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. तोडगा दंतवैद्यांनी काढला. आतून कापसाची बरणी आणली आणि सगळ्यांना बोळे वाटले. आरोपी वगळता सर्वांनी कान बंद करावेत, नजर आरोपीच्या उजव्या पायावर ठेवावी, आणि मंडळाच्या सत्तावीस वर्षांच्या शुद्धतेला धक्का न लावता गाणं वाजवण्यात यावं, असा ठराव झाला. मेहुण्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि सदतीस सुरू केलं.

कापूस दाढेचा होता, कानाचा नव्हता. त्याविषयी मला अधिक काही म्हणायचं नाही.

सगळ्यांचे डोळे काकूंच्या पायावर. कोणी इकडे नाही की तिकडे नाही. इतिवृत्त लिहिता लिहिता माझं पेनाचं टोपण तेवढं खाली पडलं आणि मी टेबलाखाली वाकलो. अध्यक्षांचा बूट. बाईंची चप्पल (पुन्हा सटकली होती). दंतवैद्यांचे तर दोन्ही पाय, आणि वर गुडघासुद्धा. मी टोपण उचललं आणि सरळ बसलो. इतर पायांची नोंद घेण्याचा ठराव नव्हता.

आणि काकूंचा पाय? काकूंचा पाय हलत नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. कडवं आलं, गेलं, पुन्हा धृपद आलं. काकूंच्या कपाळावर घाम आला. एवढ्या शिस्तीने गाणं न ऐकणारा माणूस आमच्या मंडळातही मी पाहिला नव्हता.

गाणं संपलं. आम्ही बोळे काढले. काहींना काढताना फारसे कष्ट पडले नाहीत, कारण ते आधीच निम्मे बाहेर आले होते.

"झालं!" अध्यक्ष म्हणाले. "पाय हलला नाही. म्हणजे गाण्याचा परिणाम शून्य. बेकरीतला पाय धंद्याचा होता. काकू, एवढं 'हो' म्हणा, की मी चौकशी संपवतो."

"हो म्हणा हो काकू," मेहुणे कुजबुजले. खरं सांगतो, त्या वेळी त्या खोलीत काकू जाव्यात असं कोणालाच वाटत नव्हतं. बाईंनाही नाही. त्यांना फक्त आपण बरोबर ठरावं असं वाटत होतं, आणि आमच्या मंडळात त्यालाच प्रेम म्हणतात.

काकूंनी गुडघा सोडला. बोटांचे वळ उठले असावेत, त्या साडीवरूनच चोळत होत्या.

"आठवडाभर हा पाय हलतो तो लोकांच्या कपड्यांसाठी," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बेकरीत बिनकामाचा हलला. सदतीस आवडलं मला. काय करू? बरं वाटलं हो फार."

"आणि क्रमांक एक?" अध्यक्षांचा आवाज चिरकला.

"ते थोर आहे. मी बोलले ते सगळं खरं आहे त्याच्याबद्दल. पण ते मला आवडतं का, हे तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

यानंतर इलाज नव्हता. कबुलीजबाब झाल्यावर दयामाया करायला आम्ही काय नातेवाईक आहोत? काकूंना कमी करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. माझाही हात वर होता. (चिटणिसाने हात वर केला नाही तर बाकीच्यांना मोजणी सुरू झाल्याचं कळत नाही.) काकू उठल्या, सवयीने खुर्ची नीट सरकवून ठेवली आणि गेल्या. मला फार वाईट वाटलं. पुढच्या रविवारी सभा बरोबर वेळेवर सुरू झाली, आणि 'काकू कुठे राहिल्या' असं कोणी विचारलं नाही, तेव्हा त्याहून वाईट वाटलं.

आणखी काही रविवार गेल्यावर बाईंनी सभेला येता येता मिळालेली नवी माहिती दिली. काकू आता रविवारी सकाळी खिडकी उघडी टाकतात, रेडिओ लावतात आणि नुसत्या बसतात. मशीन बंद असते. कुठलंही गाणं लागलं तरी ऐकतात. शिखरावर न गेलेलंसुद्धा!

काढून टाकलेला सभासद उघड्यावर असं करू लागला तर मंडळाच्या अब्रूचं काय? नजर ठेवणं भाग होतं. दर रविवारी एका सभासदाने काकूंच्या घरासमोर पाळतीला उभं राहावं, असं ठरलं. एरवी आमच्याकडे टेबल पुसायला माणूस मिळत नाही, पण या कामाला सगळ्यांनी नावं दिली. अध्यक्षांनी तर आपली पाळी कोणाशीही बदलायला साफ नकार दिला, आणि मग दुसऱ्याच्या पाळीलाही 'देखरेखीवर देखरेख' म्हणून जाऊ लागले. एके रविवारी त्या गल्लीत समोरच्या भिंतीला लागून आमचे नऊ सभासद एकमेकांना ओळख न दाखवता उभे होते.

काकूंनी खिडकीतून बघितलं. मग दार उघडलं.

"उन्हात काय उभे? आत या," त्या म्हणाल्या. "खुर्च्या कमी आहेत, कापडाचे गठ्ठे आहेत, त्यांवर बसा. फक्त नंबर काढायचे नाहीत."

पडत्या फळाची आज्ञा समजून आम्ही पाळत आतून ठेवू लागलो. अजूनही ठेवतो. अहवाल यायचा आहे, कारण पुरावा अपुरा आहे आणि तो दर रविवारी थोडा अपुराच राहतो. परवा बाईंना यायला उशीर झाला तेव्हा रेडिओचा आवाज कमी करून काकूंनीच विचारलं, "अहो, बाई कुठे राहिल्या?"

यामुळे मूळ सभेला मात्र माणसं उरलेली नाहीत. दंतवैद्यांचा दवाखाना रविवारी ओस पडतो आणि क्रमवारीचं महान कार्य खोळंबलं आहे. त्यासाठीच हा सगळा वृत्तांत तुमच्यापर्यंत आणला.

क्रमांक एक म्हणजे कुठलं गाणं, हे मी सांगितलेलं नाही. तरी तुम्ही तिथे केव्हाच आपलं गाणं नेऊन बसवलंत, आणि दोनवर ते, तुमच्या मित्राचं, ज्यावरून तुमचं वाजलं होतं. त्याला काय सांगायचं ते मुद्देही तुमच्याजवळ तयार आहेत. आता एवढंच आठवून बघा: ते पहिल्या नंबराचं गाणं, कोणाला काहीही पटवून न देता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

आठवत नसेल तर अभिनंदन. तुम्ही पात्र आहात. रविवारी सकाळी या. खिडकीजवळची खुर्ची रिकामी आहे.