दिवाणजींचे कुलूप आणि रेवतीबाईंचा परिचय

श्रीशारदेस दंडवत, आणि बिघडले यंत्र नीट करणाऱ्या हातांस नमस्कार. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाखमासी राज्यात वर्तमान घडले ते ऐसे जे, दिवाण त्र्यंबकपंत यांणी हुकूम काढिला की, पडद्यावर वाचावयाच्या सर्व पुस्तकांस व लिखाणास डिजिटल कुलूप घालावे, एका यंत्रावरील पुस्तक दुसऱ्यावर उतरू नये, आणि कुलूप उघडील त्यास हद्दपार करावे. यंत्रशाळेच्या मुख्य रेवतीबाई टिपणीस, संगणकविद्येत बहुत निष्णात, त्यांणी अर्ज केला की, "यंत्र मोडले तर विकत घेतले पुस्तकही वाचणारास पारखे होईल." पंतांनी अर्ज बाजूस सारिला आणि बोलिले, "बाई, हिरवा रंग आपणांस फार खुलतो." बाई मनी खट्टू जाहल्या, परंतु हुकूमच तो, कुलपे घातली. मग महिनाही न लोटता राजमाता आईसाहेब यांचे यंत्र बंद पडिले, नवे आणिले, तो दोन प्रकरणे उरलेली कादंबरी उघडेना, आणि पडद्यावर अक्षरे उमटली की, "हे पुस्तक आपले नव्हे." आईसाहेब संतापून बोलिल्या, "माझे नव्हे तर कोणाचे?" आणि भरल्या ताटावरून उठल्या. तेव्हां महाराजांनी घाबरे होऊन दरबार भरविला आणि रेवतीबाईंस पाचारण केले.

दरबारी रिवाजाप्रमाणे बाईंचा परिचय पंतांनी करून द्यावयाचा. पंतांनी भाषण घरच्या यंत्रावर लिहिले होते, ते दरबारच्या थोर पडद्यावर लाविले, तो अक्षरे आली की, "ही दुसरी प्रत आहे. परवानगी नाही." पंतांनी पडदा चारदां टोचिला, घाम पुसिला, आणि हळूच म्हणाले, "बाई, तेवढे उघडा." बाई म्हणाल्या, "उघडील त्यास हद्दपारी, हुकूम आपलाच." मानकरी उपरण्याआड खोकू लागले. मग महाराज म्हणाले, "आमची आज्ञा आहे, उघडा." बाईंनी क्षणांत उघडिले, आणि महाराजांनी आपण होऊन मोठ्याने वाचिले की, "रेवतीबाई म्हणजे यंत्रशाळेतील सोनचाफा, डोळे हरिणीचे, हसू ऐसे की बंद यंत्रे आपोआप सुरू व्हावी," ऐशा अकरा ओळी. महाराजांनी पुसिले, "पंत, या काम काय करितात?" पंत चांचरले, "काम... करितात, महाराज." सभा खो खो हसली. बाईंचे कान तापले, तरी उठोन बोलिल्या, "महाराज, रूप आईबापांनी दिले, त्यांत माझी करामत नाही. करामत हे कुलूप घालण्यांत होती, आणि घालू नये हे सांगण्यांतही होती. ते कोणी ऐकिले नाही." मग बाईंनी सारा मजकूर समजाविला, आणि महाराजांनी हुकूम फिरविला की, घेतले पुस्तक वाचणाराचे, तो आपल्या हव्या त्या यंत्रावर उतरील, आणि दरबारी परिचय कामाचा व्हावा. बाईंनी कादंबरी उघडून देताच आईसाहेबांनी दरबारांतच बसोन दोन प्रकरणे संपविली आणि म्हणाल्या, "शेवट काही जमला नाही," आणि दुसरे पुस्तक मागविले.

पंतांस शिक्षा ती एक महिना यंत्रशाळेत बसणे. आठ दिवस पंत फुगून बसिले. नवव्या दिवशी खुर्ची पुढे ओढोन पुसिले, "बाई, हे यंत्र दुसऱ्यास ओळखते ते कैसे?" बाईंनी पाहिले, प्रश्न खराच होता. मग सांगू लागल्या आणि पंत लिहून घेऊ लागले, आणि दोघांचा चहा निवोन गेला.

येणेप्रमाणे राज्यातील पुस्तके मोकळी जाहली, पंत शहाणे जाहले, आणि रेवतीबाई त्या दिवशी घरी गेल्या त्या गुणगुणत गेल्या. इतुकेच वर्तमान.